दिवाळीनंतरचे 'डिटॉक्स': शरीर, मन आणि घर आपापली सफाई करतच असतात, मग आपण नेमके काय करायचे?

मुळाकाठ

नमस्कार. पुण्यात आमच्या सोसायटीत गेली तीन वर्षे भाऊबीज उलटली की एक सामूहिक उत्साह संचारतो. फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतात, तोच व्हॉट्सॲप गटावर 'सात दिवसांचे डिटॉक्स' जाहीर होते आणि कोणीतरी एकत्र ऑर्डर नोंदवते. या वर्षी माझ्या यजमानांनीही नाव दिले. काल घरी खोका आला. त्यात संत्र्याच्या चवीच्या पावडरीच्या २१ पुड्या आहेत आणि वर 'शरीरात साठलेली सर्व विषद्रव्ये नैसर्गिकरीत्या बाहेर टाकते' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. सोबतच्या पत्रकात मन शुद्ध करण्यासाठी मेणबत्ती आणि घराची हवा शुद्ध करण्यासाठी एक झाडही सुचवलेले आहे. अर्थात दोन्ही त्यांच्याकडूनच घ्यायची.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे विज्ञानात फारशी गती नाही. परंतु शरीर जर सफाईचे काम जन्मापासून करीत आले आहे, तर त्याला आठवडाभर नेमकी कोणती मदत लागते, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. तोच प्रश्न मनाचा आणि घराचाही आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की त्यांच्या लहानपणी महिन्यातून एकदा रविवारी एरंडेल देत असत आणि त्यापुढे ही सगळी थेरे आहेत. कृपया अनुभव आणि माहिती, दोन्ही लिहावे.

तळटीप

पाकिटावर एखाद्या तरी विषाचे नाव दिलेले असल्यास ते येथे लिहावे. 'सर्व' या नावाचे विष माझ्या वाचनात नाही.

औषधमास्तर

मी तीस वर्षे औषधशास्त्र शिकवले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जाते. बाहेरून आलेले औषध, दारू किंवा कीटकनाशकाचा अंश बहुधा दोन टप्प्यांत हाताळला जातो. पहिल्या टप्प्यात विकरे (एन्झाइम) त्या रेणूवर रासायनिक फेरफार करतात आणि दुसऱ्या टप्प्यात त्याला दुसरा एखादा रेणू जोडून तो पाण्यात विरघळण्याजोगा केला जातो. मग तो लघवीवाटे तरी जातो किंवा पित्तातून आतड्यात उतरतो. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सगळा परत शोषून घेऊन दीड-दोन लिटर लघवी बनवतात. हे काम दिवाळीतही चालू होते.

आता एक बारकावा लक्षात घ्या, कारण जाहिराती नेमक्या येथे दिशाभूल करतात. 'यकृताचा वेग वाढवणे' ही नेहमीच हिताची गोष्ट नसते. पॅरासिटामॉलचे उदाहरण पाहा. त्याचा थोडा भाग पहिल्या टप्प्यात मूळ औषधापेक्षा कितीतरी अधिक घातक पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा रेणू त्याला लगेच बांधून टाकतो. गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या की ग्लुटाथायोन संपते, तो घातक पदार्थ मोकळा राहतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. म्हणजे पहिल्या टप्प्याला दामटून दुसरा मागे राहिला तर अपायच होतो. दारूचेही तसेच. ३० मिलीच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते आणि ते निपटायला यकृताला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेळ कमी होत नाही.

मदत करायचीच असेल तर ती साधी आहे. पुरेशी झोप घ्यावी, तहान लागेल तसे पाणी प्यावे, दारू आणि अनावश्यक गोळ्या टाळाव्यात आणि भाज्या, डाळी, भाकरी यांतून चोथा पोटात जाऊ द्यावा. चोथ्याचे महत्त्व असे की पित्तातून आतड्यात उतरलेले बरेच काही पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परतते. चोथा असला की त्यातला काही भाग त्याला चिकटून शरीराबाहेर जातो.

एक विनंती: पुड्यांमध्ये काय आहे, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असेल. ते येथे लिहा.

खमंग_चकली

मास्तर, म्हणजे दिवाळीत माझ्या यकृताने सुट्टी घेतली नव्हती, हे वाचून मला त्याच्यापुढे ओशाळल्यासारखे झाले.

रसशाळा

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. पुड्यांविषयी वर लिहिले गेले ते मला मान्य आहे. परंतु चर्चेचा रोख 'शोधन म्हणजेच थोतांड' याकडे वळण्याआधी दोन गोष्टी नोंदवते.

आमच्या शास्त्रात शोधनाला, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांना, ऋतू असतो. वमन (औषधाने उलटी घडवणे) वसंतात, बस्ती (औषधी एनिमा) वर्षा ऋतूत आणि विरेचन (औषधाने जुलाब घडवणे) शरदात. दिवाळी आश्विन-कार्तिकात, म्हणजे शरदातच येते, हा योगायोग या विक्रेत्यांच्या पथ्यावर पडलेला दिसतो. परंतु विरेचन म्हणजे सकाळी उठून पुडी घोळून पिणे नव्हे. त्याआधी रुग्णाची प्रकृती, बल, वय आणि चालू असलेली औषधे पाहावी लागतात. काही दिवस स्नेहन (तूप-तेल देणे) आणि मग स्वेदन (शेक देऊन घाम काढणे) करावे लागते. विरेचन झाल्यावर थेट पावभाजी खाता येत नाही. पेया (भाताची पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज) अशा क्रमाने तीन, पाच किंवा सात दिवसांत नेहमीच्या जेवणावर यावे लागते. गर्भिणी, दुर्बल आणि अतिवृद्ध यांना आम्ही ते देत नाही. ज्याला ही पूर्वतयारी आणि नंतरचे पथ्य नको आहे, त्याने विरेचनाचे नाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की 'आम' (नीट न पचलेल्या अन्नाचा अंश) किंवा 'दोष' (वात, पित्त, कफ) यांचे भाषांतर 'विषद्रव्य' असे करणे मला पटत नाही. त्या संकल्पना वेगळ्या आहेत. त्या रक्ताच्या अहवालात सापडणार नाहीत आणि सापडाव्यात असा आमचा दावाही नाही.

औषधमास्तर

@रसशाळा, आपण ज्या काटेकोरपणे अटी मांडल्या, त्याबद्दल आभार. मतभेद एका ठिकाणी आहे. जी संकल्पना कोणत्याही तपासणीत सापडणे अपेक्षितच नाही, ती कमी झाली हे आपण कशावरून ठरवता? रुग्णाला हलके वाटले, हे उत्तर मला अपुरे वाटते; आठवडाभर मऊ भात, मुगाचे कढण आणि विश्रांती मिळाली तर मलाही हलके वाटेल.

रसशाळा

भूक, झोप, मलप्रवृत्ती, जिभेवरचा थर आणि मूळ तक्रार यांवरून ठरवतो. आपल्याला ते अपुरे वाटू शकते. मऊ भाताच्या मुद्द्यावर मात्र आपले भांडण नाही, कारण तो आमच्याच ग्रंथांतला आहे.

गोदातीर

चर्चा पुड्यांची चालली आहे, पण घरच्या घरी काढलेल्या रसांविषयी मला आवर्जून सांगायचे आहे, कारण 'नैसर्गिक' हा शब्द ऐकून आपण बेसावध होतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या काकांनी रोज सकाळी दुधीचा रस घेण्याचा नेम सुरू केला. एके दिवशी रस कडू लागला. काका जुन्या वळणाचे. कडू ते गुणकारी अशी त्यांची श्रद्धा, म्हणून त्यांनी नाक दाबून पेला रिकामा केला. वीस मिनिटांत पोटात मुरडा, मग उलट्या आणि थोड्या वेळाने उलटीत रक्त. आम्ही रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्यांचा रक्तदाब इतका खाली गेला होता की परिचारिकेला हाताची शीर सापडत नव्हती. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून ते घरी आले. काकूंनी ओट्यावरचा तो उरलेला अर्धा दुधी तसाच ठेवला होता. मी त्याची नखाएवढी चकती जिभेला लावली आणि लगेच थुंकली, तरी घशातला कडवटपणा दुपारपर्यंत गेला नाही.

नंतर वाचले तेव्हा कळले की काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि एखाद्या दुधीत ती फार वाढतात. २०१० साली दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली होती. समितीने सांगितले ते इतकेच: रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू असल्यास फेकून द्यावा, दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये आणि रस प्यायल्यावर अस्वस्थ वाटले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

तळटीप

इतर रसांत का मिसळू नये, हे समजले नाही.

गोदातीर

आवळा किंवा कारले घातले की कडवटपणा नेमका कोणाचा, ते ओळखता येत नाही.

कोकणकडा

कारल्याच्या पाठोपाठ गुळवेलीचेही नाव घ्यायला हवे. करोनाच्या काळात आमच्या वाडीत प्रत्येक घरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि त्या रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासले नसल्याचे म्हटले. मला या वादात एवढेच दिसते की जी वेल ओळखण्यात तज्ज्ञांची चूक होऊ शकते, ती आपण कुंपणावरून तोडून महिनोन्‌महिने उकळून पीत होतो, आणि तेही यकृत निरोगी राहावे म्हणून.

रसशाळा

कोकणकडा, आक्षेप रास्त आहे. काढा हे औषध आहे. त्याला मात्रा आणि मुदत असते. चहासारखा तो वर्षभर घेऊ नये, हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी रागावते. २००४ साली बोस्टनच्या दुकानांतील ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली होती आणि त्यातील १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. माझ्याच शास्त्राच्या नावावर विकल्या गेलेल्या वस्तूंविषयी हे वाचताना मला काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू शकता. विष काढायला म्हणून घेतलेल्या गोळीतूनच शिसे पोटात जावे, याहून वाईट काय असणार?

खमंग_चकली

पायाला लावून झोपायचे ते पॅड कोणी वापरले आहेत काय? सकाळी काळे पडतात आणि विष निघाले असे सांगतात. माझ्या वहिनी ते काळे पॅड पाहुण्यांना अभिमानाने दाखवतात.

औषधमास्तर

पॅडमधील पावडर ओलाव्याने गडद होते. वहिनींना एक पॅड पायाला न लावता त्यावर कोमट पाण्याचे थेंब टाकून पाहायला सांगा. अशाच एका पॅडच्या विक्रेत्यांविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली खोट्या दाव्यांवरून खटला भरला होता. पाय बुडवायच्या विजेच्या टबातील पाणी तांबडे होते, तो तर इलेक्ट्रोडचा गंज असतो. टबात पाय नसले तरीही ते तांबडे होते. घामाचेही असेच आहे. घाम मुख्यतः पाणी आणि मीठ असतो आणि त्याचे काम अंग थंड ठेवणे हे आहे.

पऱ्हाटी

मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे, कापूस करतो. वरची चर्चा वाचून थोडे वेगळे लिहावेसे वाटते.

आमच्याकडे विष हा शब्द अलंकारिक नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाली. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, माणसाच्या उंचीची झाली होती. खांद्यावर चायना पंप, अंगात घामाने भिजलेला सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा, आणि औषध डोक्याच्या उंचीवर मारायचे म्हणजे ते वाऱ्याबरोबर आपल्याच अंगावर येणार. दोन-तीन औषधे एकत्र कालवायची रीतही होतीच. माझ्या शेजारच्या शेतातील मजूर संध्याकाळी बांधावर बसला तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि भर सावलीत त्याची बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्याला आम्ही ताक पाजले नाही की लिंबू दिले नाही; मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेले. तेथे विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शने दिली. तो वाचला.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारत नाही, उन्हाच्या वेळी फवारत नाही, औषधे कालवत नाही. घरी आल्यावर आधी साबणाने आंघोळ करतो आणि फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत धुतो. ती बादली घरात दुसऱ्या कशालाही वापरत नाही. जे अंगात गेलेच नाही, ते काढावे लागत नाही. शहरातील लोकांनी पुड्या जरूर घ्याव्यात, पण भाजी आणि फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली तर पैसेही वाचतील.

मुळाकाठ

पऱ्हाटीदादा, आपला प्रतिसाद मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मास्तरांनी विचारलेली यादी उद्या चष्मा दुरुस्त होऊन आला की लिहिते. अक्षरे मुंगीच्या पायाएवढी आहेत.

कृष्णाकाठ

मनाविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी सुरुवात करतो.

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हातात मोबाइल गेले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, म्हणून गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. आरंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत होते.

मी एकदा एका नातेवाइकाकडे त्या वेळेला होतो. भोंगा झाला आणि घरातील टीव्हीचा आवाज मध्येच तुटला. पहिली दहा मिनिटे मलाच चुळबुळ झाली; हात दोनदा खिशाकडे गेला. मग कानावर शेजारच्या घरातील पाढे आले, कोणीतरी भाकरी थापत असल्याचा आवाज आला आणि नातेवाईक आपणहून त्यांच्या विहिरीच्या भांडणाची हकीकत सांगू लागले. मी त्यांच्याकडे वीस वर्षे जातो आहे, पण ती हकीकत मी प्रथमच ऐकली.

दुबईकर

कल्पना चांगली आहे, परंतु भोंग्याच्या धाकाने आलेली शांतता ही मनाची सफाई म्हणावी काय? माझ्या मते ही शिस्त झाली. दोन्ही एक नव्हेत.

कृष्णाकाठ

शिस्त आहे, हे मान्य. गावात कोणाला दंड मात्र केला जात नाही. आणि दात घासणे हीसुद्धा आधी आईच्या धाकाने लागलेली शिस्तच असते.

मौनव्रत

मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे. पहाटे चारला घंटा होते, दिवसभर मौन पाळायचे असते, मोबाइल आणि पुस्तके जमा करावी लागतात आणि संध्याकाळी नव्या साधकांना चहा, फळ एवढेच मिळते. शुल्क नसते, शिबिर पूर्ण झाल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यायचे.

लोक सांगतात तशी मला शांती वगैरे लगेच मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मला माझ्या मोठ्या भावाचा इतका संताप आला की मांडी घालून बसवेना, आणि कारण काय, तर १९९४ साली त्याने माझी सायकल न विचारता विकली होती. सहाव्या दिवशी तोच प्रसंग आठवला तेव्हा मला हसू आले. मन स्वच्छ झाले असे मी म्हणणार नाही. आत काय काय पडले आहे त्याची यादी तेवढी हाती आली. ज्यांना मानसिक आजारासाठी उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. प्रवेशअर्जातही त्याविषयी विचारलेले असते.

औषधमास्तर

झोपेचा मुद्दा मी पहिल्या प्रतिसादात एका शब्दात उरकला होता, तो येथे पुरा करतो. मेंदूतील टाकाऊ पदार्थ वाहून नेणाऱ्या द्रवमार्गांचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत झोपेत ही सफाई वाढते असे दिसले. त्यावरून 'झोपेत मेंदू धुतला जातो' हे वाक्य सर्वत्र झाले. २०२४ साली मात्र उंदरांवरील दुसऱ्या एका अभ्यासात याच्या उलट निष्कर्ष निघाला, तेव्हा हा वाद अजून मिटलेला नाही. तो कसाही मिटला तरी झोपेअभावी लक्ष, स्मरण आणि स्वभाव बिघडतो, हे आपण प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी अनुभवलेले असते.

कर्दळीवन

आता घराकडे आणि परिसराकडे येतो. मूळ धाग्यात हवा शुद्ध करणाऱ्या झाडाचा उल्लेख आहे. या समजुतीचे मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगात आहे. तो प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये झाला होता. आपले घर तसे बंद नसते. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा असे दिसले की इमारतीत एरवी जी हवा खेळते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. सहाशे चौरस फुटांच्या घरात कमीत कमी साडेपाचशे कुंड्या झाल्या. झाडे जरूर लावावीत, डोळ्यांना बरी वाटतात. पण हवेसाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण घरात काय जाळतो. २००३ सालच्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आम्ही कॉइल बंद करून खिडक्यांना जाळ्या बसवल्या. उदबत्तीच्या बाबतीत आईशी तह असा झाला आहे की ती एकच लावायची आणि तेव्हा खिडकी उघडी ठेवायची. आणि दिवाळीच्या सफाईत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

माझे सदस्यनाम कर्दळीवन का, तेही सांगतो. आमच्या सोसायटीत सांडपाण्यासाठी खडीचा वाफा केला आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेचे 'फायटोरिड' नावाचे तंत्र आहे, साधारण त्याच धर्तीचा. आधी टाकीत गाळ खाली बसतो, मग पाणी खडीच्या आतून संथपणे सरकते आणि वर कर्दळ, पाणकणीस वाढते. पाहुण्यांना वाटते की झाडे पाणी पितात म्हणून ते स्वच्छ होते. खरे काम खडीवर आणि मुळांवर वाढलेले जीवाणू करतात. मी एकदा वाफ्यातील मूठभर खडी उचलून पाहिली. प्रत्येक खड्यावर बुळबुळीत तपकिरी साय होती. तीच आमची कामगार मंडळी. एका शहाण्या सभासदाने वास येतो म्हणून त्यात फिनेल ओतले, आणि पुढचे तीन आठवडे खरा वास कसा असतो ते सगळ्यांना कळले.

मुळाकाठ

कर्दळीवन, मग आमच्या मुळा नदीतील जलपर्णीही पाणी स्वच्छ करीत असते काय? दर उन्हाळ्यात नदीवर हिरवा गालिचा असतो.

कर्दळीवन

जलपर्णी सांडपाण्यातील नत्र, स्फुरद आणि जड धातूही शोषून घेते, हे खरे आहे. पण ती वेळेवर काढली नाही तर तेथेच कुजते, शोषलेले सारे पाण्यात परत जाते आणि वर प्राणवायू कमी होऊन मासे मरतात. शिवाय ती मुळात दक्षिण अमेरिकेतील, त्यामुळे येथे तिला आवर घालणारे कोणी नाही. ती एवढी फोफावते याचे कारण आपण तिला रोज ताजे सांडपाणी वाढतो. नाल्याच्या तोंडाशीच पाणी अडवून स्वच्छ केले नाही, तर पात्रात यंत्रे फिरवून दर वर्षी तोच गालिचा उचलत बसावे लागते.

पऱ्हाटी

म्हणजे नदीलाही तेच लागू, अंगात जाऊ द्यायचे नाही.

मुळाकाठ

चष्मा आला. पुडीच्या मागील यादी अशी: सोनामुखी पानांचे चूर्ण, हिरडा, बडीशेप, साखर, सैंधव, संत्र्याचा स्वाद. सोनामुखी सर्वांत वर आहे. यजमानांनी कालपासून सुरुवात केली होती. आज सकाळपासून त्यांना पाच वेळा जावे लागले, वजन दीड किलोने उतरले म्हणून ते प्रसन्न आहेत, पण पोटऱ्यांत गोळे येत आहेत.

औषधमास्तर

मुळाकाठताई, यजमान रक्तदाबासाठी एखादी गोळी घेतात काय? असल्यास ती लघवी वाढवणारी आहे काय?

मुळाकाठ

हो. दोन औषधांची एकत्रित गोळी आहे, त्यातील एक तसेच आहे, असे औषधाच्या दुकानदारांनी सांगितले.

औषधमास्तर

मग पुड्या आत्ताच थांबवा आणि आजच आपल्या डॉक्टरांना भेटून रक्तातील सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. सोनामुखी हे जुलाबाचे औषध आहे. तिच्यातील घटक मोठ्या आतड्यातील जीवाणूंमुळे क्रियाशील होतात आणि सहा ते बारा तासांत आतड्याला जोराने हलवतात. त्यात पाणी आणि पोटॅशियम जाते. लघवीच्या गोळीनेही पोटॅशियम जाते. दोन्ही एकत्र आले की स्नायूंत गोळे येतात आणि फार कमी झाले तर हृदयाची लय बिघडू शकते. उतरलेले दीड किलो बहुतांशी पाणी आहे, जेवण-पाणी नेहमीसारखे सुरू झाले की परत येईल.

रसशाळा

मास्तरांशी पूर्ण सहमत. सोनामुखी आम्हीही वापरतो, परंतु मोजून, थोड्या दिवसांसाठी, आणि अशी गोळी चालू असलेल्या रुग्णाला सरसकट नाही. संत्र्याचा स्वाद घालून ती २१ वेळा द्यायची, हे कोणत्या ग्रंथात आहे ते विक्रेत्यांनाच विचारावे लागेल.

मुळाकाठ

तीन दिवसांनी लिहिते आहे. पोटॅशियम खरोखरच कमी निघाले. डॉक्टरांनी औषध दिले, पुड्या बंद करायला सांगितल्या आणि गोळे थांबले. वजनही परत आले, त्याचे यजमानांना वाईट वाटले. सोसायटीच्या गटावर मी पुडीच्या मागील बाजूचे छायाचित्र मोठे करून टाकले आणि रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड यांची औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे असे लिहिले. चौघांनी पुड्या थांबवल्या, दोघांनी मला नकारात्मक ऊर्जा म्हटले.

घरात झालेला बदल थोडका आहे. रात्री साडेनऊ ते साडेदहा मोबाइल दिवाणखान्यातील कपाटात ठेवतो, भोंगा नाही, सासूबाईच हाक मारतात. कॉइल बंद केली. दुधी चिरण्यापूर्वी चाखतो. सासूबाईंना सोनामुखीची सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आमचे एरंडेल निदान तोंडात घातल्यावर जुलाबाचे औषध आहे हे कळत तरी होते."

एक शेवटची शंका. उरलेल्या अठरा पुड्यांचे काय करावे? कर्दळीवन, त्या ओल्या कचऱ्याच्या खतात टाकता येतील काय?

खमंग_चकली

गांडुळांचा विचार करा.

कर्दळीवन

पावडर टाकता येईल. सोनामुखी आणि हिरडा शेवटी पाला आणि फळच आहेत. फक्त सैंधव असल्यामुळे एकाच ठिकाणी ओतू नका, थोडी थोडी पसरा. पुड्यांची चकचकीत वेष्टने मात्र सुक्या कचऱ्यात जातील.